मागणी वहीत लिहा, मी शोधते

(वाचकांचे प्रश्न, ग्रंथपालांची उत्तरं. कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात २६ वर्षं काम करणाऱ्या ग्रंथपाल मॅडमकडं तुमचे प्रश्न दिले होते. जागेअभावी सगळे घेता आले नाहीत.)

प्रश्न : मॅडम, मी एमए करतोय, कोल्हापूर संस्थानातल्या शिक्षणावर प्रोजेक्ट आहे. एआयला विचारून आठ पुस्तकांची यादी काढली, लेखक, प्रकाशक, साल सगळं व्यवस्थित होतं. तीन लायब्रऱ्या फिरलो, आठातली तीन मिळाली. बाकीची पाच लायब्रऱ्यांनी घेतलीच नाहीत का? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

बाळा, ती पाच पुस्तकं बहुतेक कुणी लिहिलेलीच नाहीत. एआय कपाटात जाऊन पुस्तक शोधत नाही, अशा विषयावर पुस्तक असतं तर त्याचं नाव काय असतं, लेखकाचं आडनाव कुठलं शोभलं असतं, प्रकाशक पुण्याचा असता का कोल्हापूरचा, हे ते शब्दाला शब्द जोडत तयार करतं, आणि मराठी मजकूर इंटरनेटवर मुळात कमी, त्यामुळं मराठी पुस्तकांच्या बाबतीत ते जास्त घसरतं. तीन खरी निघाली म्हणजे तुझं नशीब चांगलं म्हणायचं.

गेल्या जूनमध्ये एक मुलगी अशीच यादी घेऊन काउंटरला आलेली, रडायच्या बेताला, कारण गाइडनी सोमवारी पुस्तकं दाखव म्हणून सांगितलेलं. यादीतल्या एका पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, पण होता. मी म्हटलं बस इथं, पेन्सिल घे. तेरा आकडे एका ओळीत लिहायचे, पहिल्याला एकनं गुणायचं, दुसऱ्याला तीननं, परत एकनं, परत तीननं, असं शेवटपर्यंत, आणि सगळ्याची बेरीज केली की एकक स्थानी शून्य यायला पाहिजे. तिचे सात आले. दोनदा केलं, दोन्ही वेळा सात. म्हणजे तो नंबरच बनावट. (शून्य आलं म्हणून पुस्तक आहेच असं मात्र नाही हं, आणि १९७० च्या आधीच्या जुन्या मराठी पुस्तकावर आयएसबीएन नसणारच, म्हणून ते खोटं होत नाही.) त्या दिवशी आम्ही दोघींनी यादी बाजूला ठेवली आणि कपाटापाशी उभं राहून शोधलं तर दीड तासात चार पुस्तकं मिळाली, त्यातलं एक एआयच्या यादीत असणं शक्यच नव्हतं, कारण ते कधी ऑनलाइन आलेलंच नाही.

तुझ्या विषयाला एआय वापरायचंच असेल तर शोधायचे शब्द विचार. "सक्तीचं शिक्षण", "बोर्डिंग", "वसतिगृह", "शिष्यवृत्ती", वाचनालयाच्या जुन्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, या शब्दांखाली माल निघतो. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याची कागदपत्रं बघायची तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात जा, पण बरंचसं मोडी लिपीत आहे, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी बरोबर ने. आणि यादीतली न सापडलेली पाच प्रोजेक्टच्या संदर्भसूचीत घालू नकोस, एवढं ऐक माझं.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आजोबांची पुस्तकं पाणी ओसरल्यावर गच्चीवर उन्हात वाळत टाकली, ती फुगली, काळी पडली, काहींची पानं विटेसारखी एक झाली. पुढच्या वेळी काय करायचं? (प्रयाग चिखलीहून एक वाचक)

तुमचं पत्र वाचून मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. आमच्या वाचनालयात पाणी दोन फूटच आलं पण खालचे दोन कप्पे गेले आणि खालच्या कप्प्यात नेमके जाडे, जड ग्रंथ असतात. आम्हीपण तेव्हा तुमच्यासारखीच चूक केली, पहिल्या दिवशी शंभरेक पुस्तकं उन्हात मांडली. ऊन थेट लागलं की कागद एकीकडून आधी वाळतो, आखडतो, पुठ्ठा वाकतो, आणि आतला ओलावा आतच राहतो म्हणून बुरशी धरते. बुरशीला साधारण दोन दिवस पुरतात, म्हणजे हातात वेळ दोनच दिवसांचा.

त्यामुळं पहिली गोष्ट, ओलं पुस्तक उघडायचं नाही. ओला कागद बोटाला लागून फाटतो. चिखल असेल तर पुस्तक मिटूनच घट्ट धरायचं आणि स्वच्छ पाण्यात हलक्या हातानं बुडवून काढायचं, घासायचं नाही. मग पाणी निथळू द्यायचं, उभं ठेवून, पानं थोडीशी पंख्यासारखी पसरून. पंखे लावायचे पण वारा थेट पुस्तकावर नको, खोलीत हवा खेळती राहायला पाहिजे. हेअर ड्रायर, इस्त्री असलं काही नको. पुस्तक निम्मं वाळलं की दर वीसेक पानांनी कोरा शोषून घेणारा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा, दिवसातून तीन चार वेळा, कंटाळा न करता. वर्तमानपत्र वापरू नका, शाई उठते. हातात ग्लोव्ह्ज, तोंडाला मास्क, पुराचं पाणी आहे ते.

विटेसारखी झाली ती गुळगुळीत कागदाची असणार, फोटोंची पुस्तकं, ॲटलस वगैरे. त्या कागदावर जो लेप असतो तो ओला होऊन वाळला की गोंदासारखा चिकटतो, मग काही उपाय राहत नाही. अशी पुस्तकं वाळायच्या आत डीप फ्रीजरमध्ये टाकायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण गोठलं की बुरशी थांबते, पानं चिकटायची थांबतात, आणि तुम्हाला महिना दोन महिने मिळतात. आमच्या एका वाचकांचं आइस्क्रीमचं दुकान आहे, त्यांनी त्या आठवड्यात एक अख्खा फ्रीजर आम्हाला मोकळा करून दिला. प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि दिवाळीपर्यंत चार चार पुस्तकं बाहेर काढून वाळवत बसलो. साठातली एक्कावन्न वाचली. उन्हात टाकलेल्या शंभरातली किती वाचली ते लिहायला नको वाटतं.

आणि आता पावसाळ्यात आम्ही एकच नियम पाळतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागलं की खालचे दोन कप्पे रिकामे करायचे, ४३ च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. तुमचं घर तर नदीला आमच्यापेक्षा जवळ आहे, तुम्ही आणखी आधी उचला. आजोबांच्या हातचं काही लिहिलेलं असेल त्यात, तर त्या पानांचे मोबाईलवर फोटो आजच काढून ठेवा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेतून आला की मोबाईल, कुस्तीचे रील्स बघत बसतो. छान छान गोष्टींची पुस्तकं आणून दिली, हात लावत नाही. (एक आई, शुक्रवार पेठ)

ताई, छान छान गोष्टी त्याला नको आहेत, त्याला कुस्ती पाहिजे आहे. रील बघतो म्हणजे त्याला कशात रस आहे हे त्यानं तुम्हाला सांगितलंय, बऱ्याच आयांना ते पण माहीत नसतं.

आमच्याकडं असाच एक पोरगा यायचा, आजोबांबरोबर, आजोबा पेपर वाचायचे आणि हा बाकावर पाय हलवत बसायचा. एकदा त्याला विचारलं, खाशाबा जाधव कोण ते माहिती आहे का? म्हणाला पैलवान. मी म्हटलं १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकमध्ये त्यांनी ब्राँझ घेतलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि तिकडं जायला पैसे नव्हते तेव्हा इथल्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्याचे पाय हलायचे थांबले. "घर?" म्हणाला. "मग ते घर परत मिळालं का?" मी म्हटलं पुस्तकात बघू. ते पुस्तक मोठ्यांचं होतं, बारीक टाईप, चित्रं नाहीत, पण घराचं काय झालं ते बघायला त्यानं चाळीसेक पानं वाचली, अडखळत, अधूनमधून काउंटरला येऊन शब्द विचारत. पुढच्या आठवड्यात खासबाग मैदान कुणी बांधलं ते विचारत आला.

तर त्याला घेऊन या, शनिवारी दुपारी या, गर्दी कमी असते. पुस्तक त्याला निवडू दे, एकच पुस्तक पाचव्यांदा नेलं तरी बोलू नका, निम्म्यात सोडलं तरी बोलू नका. मोबाईल काढून घेऊन त्या जागी पुस्तक ठेवू नका, नाहीतर पुस्तक म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसतं. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा, दहा वर्षांचा आहे म्हणून वाचून दाखवायचं वय गेलं असं समजू नका.

प्रश्न : वडिलांना काचबिंदूमुळं आता दिसत नाही. आयुष्यभर वाचणारा माणूस, दिवसभर नुसता बसून असतो. पुस्तकांच्या पीडीएफ फोनवर घेऊन दिल्या पण फोन त्या वाचून दाखवत नाही. (जयसिंगपूर)

तुम्ही दिलेल्या पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो आहेत. फोनमधला टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) अक्षरं वाचतो, फोटोतला मजकूर त्याला नीट वाचता येत नाही. आधी त्या फोटोतून अक्षरं काढावी लागतात, त्याला ओसीआर म्हणतात, गुगल लेन्सनं एकेक पानाचं होतं, पान समोर धरा, मजकूर निवडा, ऐका वर दाबा. अलीकडच्या छपाईचं पुस्तक बऱ्यापैकी येतं, जुन्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं फुटतात, "क्ष" चं भलतंच काहीतरी होतं. तरी काही नसण्यापेक्षा बरं.

दुसरं, सुगम्य पुस्तकालय म्हणून दृष्टिहीन आणि छापील वाचू न शकणाऱ्या लोकांसाठी ऑनलाइन ग्रंथालय आहे, २०१६ पासून सुरू आहे. त्याची नोंदणी अंधांसाठी काम करणाऱ्या सदस्य संस्थेमार्फत होते, दृष्टी नसल्याच्या दाखल्याची प्रत लागते. आणि कॉपीराइटची भीती बाळगू नका, २०१२ च्या दुरुस्तीनं अशा वाचकासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात करून द्यायला कायद्यानं परवानगी आहे. हे आमच्या ग्रंथालयाच्या लोकांनाही पुष्कळदा माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

पण मशीनचा आवाज चोवीस तास ऐकवत नाही. आमच्याकडं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी रोज संध्याकाळी साडेसहाला पुस्तकं मिटून एका दृष्टी गेलेल्या काकांना अग्रलेख वाचून दाखवायची. तिचा चालू घडामोडींचा अभ्यास व्हायचा, काका मध्ये थांबवून जुने संदर्भ सांगायचे, ते कुठल्या गाइडात नसतात. अकरा महिने चाललं. तुमच्या गावातल्या वाचनालयात नुसतं विचारून बघा, असं कुणीतरी मिळतं.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज मराठी पुस्तकांच्या पीडीएफ येतात. त्या वाचणं चूक आहे का? (इचलकरंजी)

लेखक गेले ते साल संपल्यावर पुढं साठ वर्षं पूर्ण झाली असतील तर ते पुस्तक सगळ्यांचं झालं, बिनधास्त वाचा, पाठवा. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचं साल वेगळं बघायचं, इथं लोक चुकतात. बाकी हयात लेखकाचं, मागच्या वर्षी आलेलं पुस्तक कुणीतरी स्कॅन करून फिरवतंय ते पुढं पाठवू नका. मराठीत पुस्तकाची आवृत्तीच पुष्कळदा हजार प्रतींची असते हो, तुमचा ग्रुपच हजाराचा असतो. परवडत नसेल तर मला सांगा, आमच्या मागणी वहीत पुस्तकाचं नाव लिहा, आम्ही विकत घेतो आणि एक प्रत दोनशे लोक वाचतात, तेपण फुकटच झालं की तुम्हाला जवळजवळ.

प्रश्न : मी चाळीस वर्षांचा सभासद. आता वाचनकक्षात पेपर वाचायला जागा मिळत नाही, सगळीकडं एमपीएससीची पोरं. पुस्तक एकही नेत नाहीत. वाचनालयाची अभ्यासिका करून टाकलीत तुम्ही. (मंगळवार पेठ)

काका, तुमचा राग मला मान्य आहे आणि तुमची खिडकीजवळची खुर्ची तुम्हाला मिळायलाच पाहिजे. आम्ही आता सकाळी आठ ते दहा पुढचा अर्धा हॉल फक्त पेपर आणि मासिकांसाठी ठेवलाय, पोरांनी पण ऐकलं.

पण त्यांच्या बाजूनं पण बघा. बहुतेक जण शाहूवाडी, भुदरगड, चंदगडकडून आलेत, एका खोलीत चौघं राहतात, तिथं टेबल नाही, लाईट जाते, एक जण फोनवर बोलत असतो. त्यांना पुस्तकापेक्षा आधी शांत जागा पाहिजे असते आणि गावात फुकट किंवा महिना थोड्या पैशात शांत बसू देणारी दुसरी जागा नाही. मला सुरुवातीला त्रास व्हायचा, दिवसभर माणसांनी भरलेला हॉल आणि देवघेव रजिस्टरला वीस नोंदी. मग एक केलं, त्यांच्या टेबलांच्या मधोमध एक छोटी मांडणी ठेवली, पंधरा वीस पुस्तकं, बारीक, तासाभरात संपणारी, कथा, प्रवास, आत्मचरित्र, दर सोमवारी बदलायची. नोंद नाही, कार्ड नाही, वाचा आणि तिथंच ठेवा. चहाच्या सुट्टीत हात जातो. दोन पुस्तकं गेली वर्षात, पण परीक्षा नापास होऊन गावी परत गेलेला एक जण अजून दर महिन्याला एसटीनं येऊन चार पुस्तकं नेतो.

प्रश्न : राधानगरी तालुक्यातलं आमचं गाव. आजोबांच्या काळातलं वाचनालय बंद पडलंय, दोन कपाटं पुस्तकं आहेत, आम्ही सात आठ जण सुरू करणार. पहिल्यांदा कॉम्प्युटर घ्यावा का?

कॉम्प्युटर शेवटी घ्या. आधी वेळ ठरवा आणि त्या वेळेला दार उघडं असू दे, रोज संध्याकाळी सहा ते आठ तर सहा ते आठच, लग्न असो, म्हाई असो, मॅच असो. गावातलं वाचनालय बंद का पडतं, तर माणूस दोनदा येतो, कुलूप बघतो, तिसऱ्यांदा येत नाही.

मग दाखल नोंदवही घाला. प्रत्येक पुस्तकाला क्रमांक, लेखक, नाव, किंमत, कुठून आलं. कसर लागलेली, वाळवी लागलेली वेगळी काढा, फाटकी बाइंडिंगला द्या, कुणी वाचणार नाही ती कालबाह्य गाइडं निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून काढून टाका, कपाट भरलेलं दिसावं म्हणून ठेवू नका. हे झालं की संस्था नोंदवून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडं मान्यतेचा अर्ज. महाराष्ट्रातला कायदा १९६७ चा आहे, त्यात वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, तुम्ही ड पासून सुरुवात कराल, त्याप्रमाणं अनुदान. ते तुटपुंजं असतं, ग्रंथपालाच्या मानधनात त्याचं घर चालत नाही हे मी स्वतः बघितलंय, तेव्हा गावानं हातभार लावायची तयारी आधी करा. कॉम्प्युटर येईल तेव्हा कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, वही नीट असेल तर आठवड्यात भरून होतं.

आणि गावच्या सभेत कुणी म्हणालं की वाचनालय कशाला, तर त्यांना सांगा की देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात झाला, मद्रासच्या आधी, मुंबई पुण्याच्या तर कितीतरी आधी. आणि कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. आपल्याकडं ही जुनी रीत आहे.

प्रश्न : खरं सांगा, लोक वाचतात का अजून? (ताराबाई पार्क)

आमच्या काउंटरवर दोरी बांधलेली मागणी वही असते, जे पुस्तक आमच्याकडं नाही ते वाचकानं त्यात लिहायचं. कॉम्प्युटर आला तेव्हा कमिटीनं म्हटलं ऑनलाइन फॉर्म करू, केला, पण वही ठेवली, कारण माणूस वहीत पुस्तकाचं नाव लिहिता लिहिता का पाहिजे ते पण बोलतो आणि मला तेच ऐकायचं असतं. परवाच्या दिवसाचं पान समोर आहे. एकीनं मधुमेहात काय खावं यावर मराठीत पाहिजे म्हणून लिहिलंय. एकानं शेअर बाजार, सोपं, जाहिरातीचं नको. एका आजींनी कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबऱ्या, "कुठल्यापण चालतील, माहेर तिकडं आहे."

आणि शेवटची नोंद करवीर तालुक्यातल्या एका तरुणाची आहे. "गूळ करायचं जुनं पुस्तक." त्याला म्हटलं कशाला? म्हणाला, आजोबांचं गुऱ्हाळ परत सुरू करायचंय, बिनकेमिकलचा गूळ करायचाय, रस उकळताना मळी काढायला भेंडी घालतात एवढं माहितेय, पण एका काहिलीला (रस उकळायच्या मोठ्या कढईला) किती आणि कधी घालायची ते आजोबांबरोबर गेलं. मोबाईलवर त्यानं आठ व्हिडिओ बघितले, आठांत आठ प्रमाणं. आमच्याकडं गुळावर दोन पुस्तकं आहेत, दोन्हींत पावडरींचं प्रमाण आहे, भेंडीचं नाही. चार ठिकाणी फोन केले, अजून मिळालेलं नाही. असं पुस्तक कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, आणि पुस्तक नसेल पण घरात कुणी जुने गुळव्या, म्हणजे गूळ करणारे, असतील, बोलायला तयार असतील, तरी कळवा, त्या पोराला घेऊन मी वही पेन घेऊन येते.